एल्टन जॉनचे सत्तरच्या दशकातले अल्बम: सीडीची कोणती आवृत्ती घ्यावी?

मंद्रसप्तक
एल्टन जॉनचे १९७० ते १९७६ मधले अल्बम सीडीवर जमवायचे आहेत. एकेका अल्बमच्या तीन-चार आवृत्त्या दिसतात आणि बहुतेकींवर 'रीमास्टर्ड' छापलेलं असतं. 'गुडबाय यलो ब्रिक रोड' एका सीडीवरही मिळतो आणि दोनवरही. एका सीडीच्या आवृत्तीत गाणी गाळली आहेत का? वापरलेली सीडी घेताना तिच्यावर कुठलं मास्टरिंग (मूळ ध्वनिफितीवरून छपाईसाठी केलेली अंतिम ध्वनिप्रत) आहे हे कसं ओळखायचं? आणि सराउंडची यंत्रणा (चहूबाजूंनी स्पीकर) नसेल तर एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, घेण्यात अर्थ आहे का?

तबकडीप्रेमी
'गुडबाय'मधलं काहीही गाळलेलं नाही. मूळ डबल एलपी (१९७३) साधारण ७६ मिनिटांचा आहे. सीडीची सुरुवातीची मर्यादा ७४ मिनिटांची, म्हणून आधीच्या आवृत्त्या दोन सीडींवर आल्या. नव्वदच्या दशकात तो एका सीडीवर बसवला. 'ब्लू मूव्ह्ज'ची (१९७६) गोष्ट मात्र वेगळी. तो ८० मिनिटांहून मोठा, त्यामुळे जुन्या एका सीडीच्या आवृत्तीत काही गाणी खरोखरच कापलेली आहेत. तो घेताना दोन सीडी आहेत याची खात्री करा.

आवृत्त्यांच्या मुख्य पिढ्या अशा: ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या सीडी, १९९५-९६ची 'द क्लासिक इयर्स' मालिका, जी मूळ निर्माते गस डजन यांच्या देखरेखीखाली झाली, २००३-०४च्या एसएसीडी, ज्यांचं ५.१ (सराउंड) मिश्रण ग्रेग पेनी यांचं, आणि २०१४ पासूनच्या वर्धापन आवृत्त्या.

पहिल्यांदाच संग्रह करत असाल तर माझं मत 'क्लासिक इयर्स'ला. जोडगाणी (मूळ एलपीवर नसलेली जादा गाणी) नीट निवडलेली आहेत: 'डोन्ट शूट मी'वर 'स्कायलाइन पिजन'चं पियानोवरचं रूप, 'कॅरिबू'वर 'पिनबॉल विझार्ड', 'कॅप्टन फँटॅस्टिक'वर 'फिलाडेल्फिया फ्रीडम'. 'हिअर अँड देअर' हा मैफलींचा अल्बम तर याच मालिकेतला घ्या. १९७६ साली तो एकाच एलपीचा होता. १९९५ मध्ये डजननी तो दोन सीडींचा केला आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली जॉन लेननसोबतची तिन्ही गाणी त्यात आली. जुन्या एका सीडीत ती नाहीत.

खरखर
ओळखण्याबद्दल. कव्हरवर विसंबू नका, वापरलेल्या सीडींच्या डब्या अदलाबदल झालेल्या असतात. सीडी उलटी करून मधल्या पारदर्शक कड्याजवळची बारीक अक्षरं भिंगातून वाचा. 'आयएफपीआय' (IFPI) आणि पुढे संकेतांक असेल तर ती प्रत १९९४ किंवा नंतर छापलेली. पण एवढ्यावरून मास्टरिंग नवं ठरत नाही, कारण जुन्याच मास्टरवरून पुढे अनेक वर्षं प्रती निघतात. तेव्हा त्याच कड्यातला मॅट्रिक्स क्रमांक (छपाईच्या साच्याचा क्रमांक) आणि पुस्तिकेतलं रीमास्टरिंगचं श्रेय, दोन्ही ताडून पाहा. विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवताना प्रकाश तिरपा ठेवायला सांगा. सरळ फ्लॅशमध्ये अक्षरं पुसट होतात.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना सगळ्यात मोठी गफलत आवाजाच्या पातळीची होते. एक-दीड डेसिबलनं मोठी असलेली प्रत कानाला 'जास्त स्पष्ट' वाटते. दोन्ही सीडी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या प्रोग्रॅमनं संगणकावर फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) काढा, फूबार या प्लेअरमध्ये आवाजाची पातळी समान करणारं रीप्लेगेन चालवा आणि मगच ऐका. 'गुडबाय'मधल्या पहिल्या गाण्याची, 'फ्युनरल फॉर अ फ्रेंड'ची, सिंथेसायझरवरची हळू सुरुवात आणि पुढे ड्रम आल्यावरचा भाग यांच्या आवाजात किती अंतर उरलंय ते पाहा. अंतर कमी झालं असेल तर त्या प्रतीत कॉम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक दाबणं) जास्त आहे.

सुरेल_पंचम
एसएसीडीबद्दल: या तबकड्या हायब्रिड आहेत, म्हणजे साधा प्लेअर त्यातला सीडीचा थर वाचतो. एसएसीडीचा थर संगणकाच्या नेहमीच्या ड्राइव्हला दिसत नाही आणि ५.१ साठी एसएसीडी प्लेअरच लागतो. तो नसेल तर केवळ स्टिरिओसाठी जास्त पैसे मोजू नका.

तबकडीप्रेमींशी एका बाबतीत असहमत आहे. जोडगाणी अल्बमला चिकटून यायला नकोत. 'कॅप्टन फँटॅस्टिक' दहाव्या गाण्यावर, 'कर्टन्स'वर संपतो आणि तो शेवट शांतपणे विरायला हवा. १९९५च्या सीडीवर लगेच 'लूसी इन द स्काय' सुरू होतं. प्लेअरवर १ ते १० एवढाच क्रम लावून ठेवा. शिवाय नववं गाणं दहाव्यात न थांबता मिसळतं. एमपीथ्री केलं आणि प्लेअर गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पाडणारा) नसेल तर बरोबर तिथे झटका बसतो. फ्लॅकमध्ये ठेवा आणि प्लेअरमधला क्रॉसफेड (एक गाणं विरत असताना पुढचं चढवणारी सोय) बंद करा.

मंद्रसप्तक
आभार, बरंच स्पष्ट झालं. 'गुडबाय'चा २०१४चा चाळीस वर्षांचा संच कसा आहे?

तबकडीप्रेमी
त्यातली खरी मौल्यवान गोष्ट म्हणजे डिसेंबर १९७३ची लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन या नाट्यगृहातली मैफल. ती हवी असेल तर चार सीडी आणि एका डीव्हीडीचा मोठा संचच घ्या. दोन सीडींच्या आवृत्तीत मैफलीतली निवडक गाणीच आहेत, बाकी जागा नव्या पिढीच्या कलाकारांनी गायलेल्या 'गुडबाय'मधल्या गाण्यांना दिली आहे. डीव्हीडीवर ब्रायन फोर्ब्ज यांचा त्या काळातला माहितीपट आहे. वापरलेला संच घेताना पाचही तबकड्या मोजून घ्या आणि डीव्हीडी कडेपर्यंत ओरखड्यांसाठी तपासा.