कोजागिरी आणि गच्चीवरचे हॅलोजन

ए-१०३ (सांस्कृतिक समिती): कोजागिरीला रात्री साडेनऊला गच्चीवर जमायचं आहे. मसाला दूध २५ लिटर. हॅलोजन दोन लावायचे की चार?

सी-६०१: एकही नको. पौर्णिमेला हॅलोजन लावून चांदणं कसलं बघणार?

बी-२०४: काका, आजी-आजोबा असतात, मुलं पळतात. कोणी ठेचकाळलं म्हणजे?

सी-६०१: जिन्यातला दिवा राहू द्या, गच्चीवरचे बंद. ऐन पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे सूर्याचा चार लाखांवा हिस्सा. तरी २० मिनिटं अंधारात बसलं की डोळे सरावतात, पेपरचे मथळे वाचता येतात. मध्येच कोणी मोबाइलचा टॉर्च मारला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

डी-३०२: म्हणजे चंद्र फार तेजस्वी नाहीच?

सी-६०१: नाहीच. अंगावर पडलेल्या उन्हातलं १२ टक्क्यांच्या आसपासच तो परत फेकतो. जुना डांबरी रस्ता तेवढंच फेकतो. भोवती काळं आकाश आहे म्हणून पांढरा दिसतो, इतकंच.

बी-५०३: काका, पौर्णिमेचं खरं गुपित राहिलं. अष्टमीचा चंद्र अर्धा, म्हणून उजेडही निम्मा, असं वाटतं ना? असतो साधारण दहावा हिस्सा! अष्टमीला तिथे ऊन आपल्याला आडवं दिसतं. डोंगर, खड्डे, अगदी धुळीचे कणसुद्धा सावल्या टाकतात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी, त्यामुळे प्रत्येक सावली आपापल्या कणामागे दडते. म्हणूनच बिंब थाळीसारखं सपाट दिसतं, चेंडूसारखं कडेला काळवंडत नाही.

ए-४०४: *फॉरवर्डेड* सुपरमून! चंद्र १४ पट मोठा दिसणार!!

बी-५०३: ताई, चंद्र जवळ असतानाची पौर्णिमा म्हणजे सुपरमून. १४ पट नाही, १४ टक्के. तेही सगळ्यात लांबच्या पौर्णिमेशी तुलना केली तर. हात लांब करून तुरीचा दाणा धरा, कुठलाही चंद्र त्यामागे लपतो. उगवतानाचा मोठा वाटतो तोसुद्धा.

डी-३०२: माझ्या फोनवर नुसता पांढरा गोळा येतो.

बी-५०३: ऑटो मोड काळं आकाश बघून उजेड वाढवतो. चंद्रावर मात्र भर दुपार आहे. प्रो मोड घ्या: झूम लेन्स, आयएसओ ५०, शटर १/५०० सेकंद. तरी गोळाच आला तर १/१०००. फोन कठड्याला टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा, बोट लागून हलतो तो वेगळाच.

बी-२०४: चांदणं निळसर का दिसतं मग?

सी-६०१: डोळ्यांची करामत. चंद्रप्रकाश उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतो. कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात, दुसऱ्या काम करतात आणि त्यांना तांबडं जवळपास दिसत नाही. गच्चीवरच्या कुंडीतली लाल जास्वंद त्या रात्री बघा, पानांपेक्षा काळी दिसेल.

ए-४०४: आणि चंद्राभोवती खळं, म्हणजे गोल कडं, पडलं तर पाऊस ना?

सी-६०१: उंचावर बर्फकणांचा पातळ ढग आहे, एवढंच नक्की. पाऊस येईलच असं नाही. पण खळं ओळखायचं कसं ते सांगतो. हात ताठ, पंजा पूर्ण फाकवलेला, अंगठ्याचं टोक चंद्रावर. करंगळी कड्यावर टेकली तर ते खळं. षटकोनी बर्फकणांतून उजेड निदान २२ अंश वळतो, म्हणून आतली कड तांबूस आणि आतलं आकाश जरा काळं. चंद्राला चिकटून दोन-चार अंशांचं रंगीत वलय असेल तर ते पाण्याच्या थेंबांचं. थेंब एका मापाचे असतील तेवढे रंग स्वच्छ.

ए-१०३: आता माझा प्रश्न. दुधात चंद्र दिसायला काय करायचं? दर वर्षी सगळे पातेल्यात डोकावतात आणि काही दिसत नाही.

बी-५०३: डोकावतात तेच चुकतं. दहाच्या सुमारास चंद्र अर्ध्या आकाशाच्या थोडा वर असतो. पातेलं तुमच्या आणि चंद्राच्या मध्ये ठेवा, एक पाऊल मागे सरून तिरकं बघा. बारानंतर तो जवळपास डोक्यावर येतो, मग वाकलात की तुमचंच डोकं आड. पातेलं रुंद हवं, काठोकाठ भरलेलं. आणि साय आधी काढा, साय धरली की आरसा गेला. केशर-पिस्ते नंतर.

ए-१०३: ठीक. वॉचमनना सांगते, पावणेदहाला गच्चीचे दिवे बंद, जिन्यातला चालू. रुंद पातेलं कोणाकडे आहे?

ए-४०४: माझ्याकडे आहे, पण झाकण नाही.

सी-६०१: झाकण कशाला हवंय?