वॉलपेपरचा संग्रह नव्या फॉरमॅटमध्ये न्यायचाय: वेबपी, एव्हीआयएफ की जेपीईजी एक्सएल?

केळीबाग_सावदा

राम राम मंडळी. वाचनालयाच्या संगणक कक्षात १८ मशीन आहेत. १४ वर उबंटू २४.०४ (ग्नोम डेस्कटॉप), ४ वर विंडोज ११. सगळ्यांच्या डेस्कटॉपवर खानदेशातलेच फोटो फिरते ठेवलेत: तोरणमाळचा यशवंत तलाव, पाटणादेवी, लळिंगचा किल्ला, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागा, आणि आपल्या हद्दीला लागून असलेलं अजिंठा.

संग्रह ५.६ जीबी झालाय. त्यात ४.२ जीबी जेपीजी, बहुतेक ६००० बाय ४००० चे. बाकी १.४ जीबी पीएनजी: काही पोस्टर, काही नकाशे, काही कुणीतरी पीएनजीत सेव्ह करून ठेवलेले फोटो. स्क्रीन सगळे १९२० बाय १०८०. रॅम ४ जीबी.

चाचणी म्हणून ३० फोटो सीवेबपी या आज्ञेने क्वालिटी ८० वर वेबपीत केले. फाइल छान लहान झाल्या, पण तीन गोष्टी खटकल्या. मिरचीच्या फोटोत मिरच्या सुट्या दिसेनात, लाल लगदा दिसतो. तोरणमाळच्या धुक्यात पट्टे उमटले. आणि उभे काढलेले पाच फोटो आडवे पडले.

क्वालिटी वाढवायची, की फॉरमॅटच बदलायचा? मूळ फाइल उडवून जागा मोकळी करायचा विचार आहे, म्हणून आधी विचारतोय.

---

तापीकाठ

मूळ फाइल अजून उडवू नका भाऊ. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि क्वालिटी ९५ केली तरी पहिली आणि तिसरी जाणार नाही.

मिरची: लॉसी (थोडा तपशील सोडून दाबलेल्या) वेबपीत रंग कायम ४:२:० पद्धतीने साठवला जातो. म्हणजे उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलला, पण रंगाची नोंद २ बाय २ पिक्सेलच्या चौकटीला मिळून एकच. पथारीवरची मिरची जवळून बघा. लाल सालीशेजारी हिरवट-पिवळा देठ, त्याला लागून दुसरी लाल साल. या दोन रंगांच्या उजेडात फरक थोडा, रंगात मोठा. कडेचा सगळा तपशील रंगात असतो, आणि रंगच निम्म्या बारकाव्याने साठवला की देठ सालीत विरघळतो. सीवेबपीला शार्प-वाययूव्ही हा पर्याय दिला तर कड थोडी सावरते, पण पूर्ण नाही. केळीच्या पानांच्या शिरांना हा त्रास कमी होतो, कारण तिथे हिरव्यातल्या हिरव्यात उजेड-सावलीचा फरक असतो.

धुकं: लॉसी वेबपी ८ बिटांचीच असते, आणि उजेडाच्या २५६ पायऱ्यांपैकी १६ ते २३५ एवढ्याच वापरते. सीताखाईवरचं धुकं किंवा मे महिन्यातलं पांढरं पडलेलं आभाळ अशा सावकाश बदलणाऱ्या भागात त्या पायऱ्या डोळ्याला दिसतात.

आडवे फोटो: उभा फोटो कॅमेरा बहुधा आडवाच साठवतो आणि 'मला फिरवून दाखवा' अशी खूण मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीत, ठेवतो. सीवेबपी मुळात मेटाडेटा टाकून देतं. खूण गेली, फोटो आडवा झाला. त्याच झटक्यात कलर प्रोफाइलही (रंग कसे दाखवायचे याची नोंद) जातं, म्हणून काही फोनचे फोटो वेबपीत फिके पडतात. मेटाडेटा-ऑल दिलं की दोन्ही टिकतात.

आता काय करायचं ते. संग्रहाचे दोन भाग करा. एक मूळ ठेवा, एकाच मशीनवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. दुसरा भाग स्क्रीनसाठीच्या प्रतींचा, तो बाकीच्या मशीनवर. या दोघांना लागणारं काम अगदी वेगळं आहे, आणि एकाच फटक्यात दोन्ही उरकायला गेलं की फोटो बिघडतात.

मूळ जेपीजी. यांच्यासाठी जेपीईजी एक्सएल (थोडक्यात जेएक्सएल), दुसरं काही नाही. हा एकटाच असा आहे की जुन्या जेपीजीला पिक्सेलपर्यंत न उलगडता, आतले आकडेच जास्त घट्ट बांधतो. साधारण २० टक्के जागा वाचते, आणि हवी तेव्हा तीच जेपीजी बाइट न बाइट परत मिळते. तुमच्या ४.२ जीबीत ८०० एमबीच्या आसपास सुटतील. उबंटूत लिबजेएक्सएल-टूल्स हे पॅकेज टाका. आज्ञा साधी: सीजेएक्सएल, मूळ नाव, नवं नाव. जेपीजीसाठी -डी (किती तोटा चालेल) किंवा -क्यू (क्वालिटी) अजिबात देऊ नका. ते दिलं की फोटो उलगडून नव्याने दाबला जाऊ शकतो, आणि मग परतीची वाट बंद.

हेच काम इमेजमॅजिक या फोटो बदलायच्या साधनाने करू नका. ते आधी जेपीजीचे पिक्सेल करतं आणि मग जेएक्सएल बनवतं. नाव तेच, पण ते बिनतोट्याचं रूपांतर नव्हे.

पीएनजी. पोस्टर आणि नकाशे: सीजेएक्सएल -डी ०, म्हणजे पूर्ण बिनतोट्याचं. पीएनजीत अडकलेले फोटो: -डी १. सीजेएक्सएल पीएनजीला काही न सांगता -डी १ च लावतं, म्हणून नकाशांना ० द्यायला विसरू नका. खरी जागा इथेच सुटते. फोटोला पीएनजीत ठेवणं म्हणजे चटईवर वाळवायची मिरची एकेक करून डबीत भरणं.

लूप (सगळ्या फाइलवर एकामागून एक तीच आज्ञा) चालवताना चार खड्डे:

१. 'पाटणादेवी पावसाळा' असं नाव असेल तर मधल्या रिकाम्या जागेवर लूप तुटतो. व्हेरिएबलला अवतरणचिन्हं घाला.

२. कॅमेऱ्याच्या फाइलचं शेपूट (एक्स्टेन्शन) मोठ्या अक्षरांतलं जेपीजी असतं. लिनक्सला लहान आणि मोठी अक्षरं वेगळी, म्हणून अर्ध्या फाइल गुपचूप राहून जातात. फाइल शोधणाऱ्या फाइंडला -आयनेम द्या.

३. तोरणमाळ डॉट जेपीजी आणि तोरणमाळ डॉट पीएनजी दोन्ही असतील, तर दोघांचं तोरणमाळ डॉट जेएक्सएल होतं आणि दुसरी फाइल पहिलीवर बसते. जुनं शेपूट काढू नका: तोरणमाळ डॉट जेपीजी डॉट जेएक्सएल असंच ठेवा.

४. नव्या फाइलला आजची तारीख पडते. वर्षवार लावायचे असतील तर टच -आर ने जुन्या फाइलची तारीख नव्याला द्या.

आणि जेपीजी पुसण्याआधी डीजेएक्सएलने प्रत्येक फाइल परत जेपीजी करून मूळ फाइलशी शा२५६सम (फाइलचा ठसा) जुळवा. जुळली नाही तर ती जेपीजी तशीच राहू द्या. प्रेससाठी बनवलेल्या सीएमवायके जेपीजीचं असं रूपांतर होतच नाही. काही फोन फाइलच्या शेवटी जादा माहिती चिकटवतात, तिथेही अडू शकतं.

---

लळिंगची_वाट

तापीकाठ यांच्या मूळ प्रतींच्या सल्ल्याशी शंभर टक्के सहमत. स्क्रीनच्या प्रतींबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे.

पहिली गोष्ट फॉरमॅटची नाहीच, मापाची आहे. ६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. तुमच्या स्क्रीनवर मावतात २० लाख ७३ हजार. साडेअकरा पट जास्तीचा माल तुम्ही रोज उलगडताय. फॉरमॅट कुठलाही असो, रॅममध्ये फोटो उलगडूनच बसतो, पिक्सेलला ४ बाइट. म्हणजे मोठा फोटो उलगडताना ९६ एमबी, १९२० बाय १०८० चा ८.३ एमबी. ४ जीबीच्या मशीनवर फोटो बदलताना अडखळ होत असेल तर ती इथून येते. जेएक्सएल केल्याने ती जाणार नाही, माप कमी केल्याने जाईल.

क्रम असा: मूळ फोटो, मग इमेजमॅजिकने ऑटो-ओरिएंट, मग रुंदी १९२०, आणि निकाल तात्पुरत्या पीएनजीत. उबंटू २४.०४ मध्ये इमेजमॅजिक ६ आहे, म्हणून आज्ञेचं नाव कन्व्हर्ट. मॅजिक टाइप केलं तर सापडणार नाही. -स्ट्रिप देऊ नका, कलर प्रोफाइल उडतं. १९२० बाय १२८० ची पीएनजी मिळेल. वरखालची कातरणी ग्नोम 'झूम' मोडमध्ये स्वतः करतं.

या मापात एक फायदा लपलाय, तो सोडू नका. कॅमेऱ्याच्या जेपीजीतही रंग बरेचदा अर्ध्या बारकाव्याचाच असतो. पण ६००० वरून १९२० वर आणलं की तिपटीने लहान झालेल्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा पुरा रंग मिळतो. म्हणून नवी प्रत ४:४:४ मध्येच, म्हणजे रंग न घटवता, ठेवा. मिरचीचे देठ इथे परत येतात.

त्या पीएनजीवरून एव्हीआयएफ: आज्ञा एव्हीआयएफएन्क, -क्यू ७०, -एस ४, -वाय ४४४, -डी १०. शेवटचा आकडा १० बिटांचा आहे. मूळ ८ बिटांचं असलं तरी १० बिटांत दाबल्याने दाबताना पडणाऱ्या पायऱ्या बारीक होतात, आणि तोरणमाळच्या धुक्यातले पट्टे बहुतेक विरतात. लिबएव्हीआयएफ-बिन हे पॅकेज लागेल.

एव्हीआयएफ का, तर ही फाइल क्रोम, फायरफॉक्स, सफारी, सगळीकडे उघडते. क्रोमने आवृत्ती ११० मध्ये जेएक्सएलचा प्रायोगिक आधार काढला होता. वाचनालयाच्या पोरांनी फोटो मागितला तर त्यांच्या फोनवर उघडणारी फाइल हातात हवी.

---

वाघूरकाठ

माप आणि ४:४:४ बद्दल अगदी बरोबर. पण सगळ्याच फोटोंना एव्हीआयएफ लावू नका, अजिंठ्याच्या फोटोंना तर नाहीच.

लेण्यांत फ्लॅशला बंदी. फोटो मंद उजेडात, जास्त आयएसओवर निघतात, त्यात बारीक दाणा असतो. एव्हीआयएफ मुळात एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीतून (कोडेकमधून) आलाय आणि कमी क्वालिटीवर त्याचा कल दाणा पुसून सपाट करण्याकडे. दाण्याबरोबर गिलाव्याच्या तडा, रंगाचे उडालेले पापुद्रे, भिंतीचा खरखरीतपणाही पुसला जातो. फोटो स्वच्छ दिसतो, पण भिंत प्लास्टिकची वाटते. शंभर टक्के झूम करून पद्मपाणीच्या भित्तिचित्रात गालाजवळचा भाग दोन्हींत बघा, फरक लगेच कळतो. अशा फोटोंना जेएक्सएल -डी १ ठेवा. १९२० बाय १२८० ला सहसा ४०० ते ८०० केबी होतात, दाणा जास्त असेल तर त्याहून मोठी. एवढी जागा द्यावी, तो फोटो त्याच्या लायकीचा शे.

आभाळ, पाणी, धुकं, किल्ल्याची छायाकृती: इथे एव्हीआयएफ उत्तम.

ग्नोमवर दिसण्यासाठी लोडर, म्हणजे हे फॉरमॅट वाचणारी पॅकेजं, लागतात: लिबजेएक्सएल-जीडीके-पिक्सबफ आणि लिबएव्हीआयएफ-जीडीके-पिक्सबफ. १४ ही मशीनवर आधी हे टाका, मग फोटो पाठवा. उलट क्रमाने केलं तर फाइल मॅनेजर प्रत्येक फोटोची थंबनेल बनवायला जातं, फसतं, आणि ती फसगत लक्षात ठेवतं. नंतर लोडर टाकला तरी रिकामं चिन्हच दिसत राहतं. तसं झालं तर होम फोल्डरमधल्या लपवलेल्या कॅश फोल्डरात थंबनेल्स, त्यात फेल नावाचा फोल्डर आहे, तो पुसा.

जुना वॉलपेपर पुसण्याआधी सेटिंग बदला. ग्नोम फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं, फोटो नाही. पत्तेही दोन: पिक्चर-यूआरआय उजळ थीमसाठी, पिक्चर-यूआरआय-डार्क गडद थीमसाठी. एकच बदलला तर गडद थीम लावलेल्या मशीनवर डेस्कटॉप कोरा दिसतो. तुमचे फोटो एक्सएमएल स्लाइडशोने फिरत असतील तर त्या फाइलच्या आतली प्रत्येक वाट बदलावी लागेल. मजकूर बदलणाऱ्या सेड या आज्ञेने एका ओळीत होतं, पण मूळ एक्सएमएलची प्रत काढून ठेवा.

---

केळीबाग_सावदा

मनापासून आभार. मिरचीचा फोटो आधी १९२० वर आणून ४:४:४ एव्हीआयएफ केला, देठ सुटे दिसतायत. दोन गोष्टी उरल्या. विंडोजच्या चार मशीनवर काय ठेवू? तिथे तर साध्या जेपीजीतही धुक्याचे पट्टे दिसतात. आणि उभ्या फोटोंचं काय?

---

लळिंगची_वाट

विंडोजवर जेपीजीच ठेवा, १९२० बाय १०८० ची, क्वालिटी ९५. नव्या फॉरमॅटचा तिथे फायदा नाही. विंडोज वॉलपेपर लावताना जेपीजीची स्वतःची वेगळी प्रत बनवतं. ती रोमिंगच्या थीम्स फोल्डरात ट्रान्सकोडेडवॉलपेपर नावाने बसते आणि ८५ क्वालिटीवर पुन्हा दाबलेली असते. तुम्हाला दिसणारे पट्टे तुमच्या फाइलचे नाहीत, त्या प्रतीचे आहेत.

उपाय रजिस्ट्रीत. एचकी करंट युजर, कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप. तिथे जेपीईजीइम्पोर्टक्वालिटी नावाची ३२ बिटांची डीवर्ड (आकडा ठेवायची नोंद) बनवा आणि किंमत १०० लिहा. लिहिताना डेसिमल निवडा. हेक्स राहिलं तर १०० चे २५६ होतात, आणि चालणारी मर्यादा ६० ते १०० आहे. मग साइन आउट करून परत या आणि वॉलपेपर नव्याने लावा. जुनी प्रत आपोआप बदलत नाही. हे सेटिंग युजरनिहाय असतं, म्हणून कक्षातल्या प्रत्येक खात्यावर करावं लागेल.

---

तापीकाठ

उभे फोटो वॉलपेपरच्या फोल्डरमधून काढाच. ४००० बाय ६००० चा फोटो १९२० रुंदीवर आणला की उंची २८८० होते. त्यातल्या १०८० ओळी दिसतात, म्हणजे मधला तीन अष्टमांश पट्टा. पाटणादेवीच्या मंदिराचा कळसही जातो आणि पायथाही. मूळ प्रतींत जपून ठेवा, मशीनवर पाठवू नका.

लॉगिनच्या पडद्याचा फोटो बदलणार असाल तर तो जेपीजीच ठेवा आणि यूएसआर-शेअर-बॅकग्राउंड्स मध्ये टाका. तो पडदा तुमच्या खात्यातून चालत नाही, त्याला होम फोल्डरातली फाइल वाचता येत नाही.