सुरुवातीचं संगीत आणि आठवणी

जुनं गाणं लागलं की शब्दांआधी चालच आठवण जागी करते, असं म्हणतात आणि मला ते अगदी पटतं. माझं तर सुरुवातीच्या वाद्यसंगीतातच मन भरून येतं. 'शुक्रतारा मंद वारा'चंच घ्या. श्रीनिवास खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज! ते सुरू झालं की आई हातातलं काम सोडून रेडिओ मोठा करायची आणि अंतऱ्याला हळूच गुणगुणायची. एरवी ती कधीच गायची नाही.

सुरुवातच अशी मनात बसण्याचं एक कारण असंही असेल: त्या काळी ७८ आरपीएमच्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्या काळच्या संगीतकारांना पाल्हाळ परवडतच नसे, गाणं चटकन मनात भरायला हवं. नुसत्या सुरुवातीवरून ओळखू येणारी तुमची गाणी कोणती? जरूर सांगा.