बस्तर: आईला दंतेश्वरी, नवऱ्याला चित्रकोट, पोराला ढोलकळ. जमेल का?

धरमपेठवाली:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात नागपूरहून आपल्याच गाडीने छत्तीसगडातल्या बस्तरला जायचं घाटतंय. माणसं चार आणि हट्टही तेवढेच. आई (वय 71, डावा गुडघा पार झिजलेला) म्हणते, "मले तं बापा दंतेश्वरीचं दर्शन पायजे, बाकी तुमाले जे पाहाचं ते पाहा." साडेतीन पीठं तिची कधीच झाली, माहूरला तर दरवर्षी जाते. आता ही राहिली म्हणून घोकणं चालू आहे. नवऱ्याला चित्रकोटचा धबधबा हवा. मुलाला (नववीत आहे) कुठल्याशा व्हिडिओत डोंगराच्या टोकावर बसलेला ढोलकळचा गणपती दिसलाय, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. माझा हट्ट एवढाच की या दिवसांत मला कुणी पोळ्या लाटायला लावू नये.

नोव्हेंबरात धबधब्यांना पाणी असतं का? तीरथगडच्या धबधब्याच्या पायऱ्या आईला झेपतील का? आणि जायला हरकत नाही ना? सासूबाईंनी "नक्षल" एवढा एकच शब्द उच्चारून फोन ठेवलाय.

निवांत:
पाणी बघायचं तर ऑगस्ट. नोव्हेंबरात जाऊन "एवढंच?" म्हणणारे मी पाहिलेत. त्यापेक्षा चिखलदरा जवळ पडेल.

इंद्रावतीकाठ:
ताई, बँकेच्या नोकरीत सहा वर्षं जगदलपूरला काढली, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी निवांतरावांचं. ऑगस्टमधला चित्रकोट मी पाहिलाय. इंद्रावती फुगली की घोड्याच्या नालेसारखा तो सगळा कडा, जवळजवळ 300 मीटर रुंद, एकसंध कोसळतो. पाण्याचा रंग मात्र चहाचा, तोही दूध कमी पडलेल्या. तुषारांनी चष्मा आंधळा होतो आणि नावा बंद. नोव्हेंबरात तोच प्रवाह वेगवेगळ्या धारांत फुटतो, पण पांढराशुभ्र असतो, आणि नाव सुरू असेल तर थेट खाली प्रपाताजवळ नेतात. उंची साधारण 95 फूट. खालून मान वर केली की कळते. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, तेव्हा खडकच जास्त. ओडिशाच्या सीमेवर जोरा नाल्यातून बरंच पाणी शबरी नदीकडे वळतं, त्यावरून दोन राज्यांची जुनी कुरबुर आहे.

आईंसाठी चित्रकोट सोपा. वरच्या काठावरून सगळं दिसतं, पायरी उतरायचं काम नाही. संध्याकाळी चारला पोचा, खुर्ची टाकून द्या त्यांना. तिथेच मुक्काम करता आला तर उत्तम, नाहीतर जगदलपूर 38 किलोमीटरवर आहे. आणि हीच इंद्रावती पुढे आपल्या भामरागडला येते, हे त्यांना नक्की सांगा. गडचिरोलीच्या नदीचं माहेर बघतोय म्हटलं की बायका वेगळ्या नजरेने बघतात. निदान माझ्या मातोश्रींनी ओटी भरली होती.

तीरथगडचं उलट आहे. कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानातला हा धबधबा जवळजवळ 300 फुटांचा, पण एकदम उडी न मारता पायरीपायरीने उतरतो, दगडावर कुणी दुधाचा हंडा लवंडल्यासारखा. तो नीट दिसतो खालूनच, आणि खाली जायला दोनेकशे पायऱ्या. खाली महादेवाचं देऊळ आहे, हे आईंना आधी सांगू नका, नाहीतर उतरतीलच. जवळच्या कुटुमसर गुहेचं तर नावही काढू नका. तोंड अरुंद, आत ओल, वाकून चालायचं. तुम्ही तिघे जा. पावसाळ्यात ती बंद असते, उघडल्याची खात्री जगदलपुरातच करून घ्या.

आता मुख्य काम. दंतेवाडा जगदलपूरहून 85 किलोमीटरच्या आसपास. सतीचा दात पडला ते हे ठिकाण, शंखिनी आणि डंकिनीच्या संगमावर. भपका काही नाही. आतला मंडप बुटका, लाकडी खांबांचा, आणि काळ्या दगडातली देवी. गाभाऱ्याकडे पुरुषांना पँट घालून सोडत नाहीत, धोतर लागतं. देवळात मिळतं, पण ते कुणाकुणाच्या कमरेला लागून आलेलं असतं, म्हणून मी घरचं न्यायचो. समोर गरुडस्तंभ आहे. त्याला पाठ टेकून मागे हात नेऊन बोटं जुळली तर इच्छा पुरी होते म्हणतात. माझी सहा वर्षांत एकदाही जुळली नाहीत, बँकेने बदली मात्र न मागता केली.

परतताना गीदमवरून बारसूरला वळा. हे चुकवलंत तर मात्र मी रागावेन. बत्तिसा देऊळ (बत्तीस खांब, दोन गाभारे, दोन्हीत महादेव), मामा-भांजा देऊळ आणि उघड्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन अवाढव्य दगडी गणपती. नागवंशी राजांच्या काळातलं हे गाव. मी गेलो त्या दिवशी मोठ्या गणपतीच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं, तिसरं माणूस नाही. तुमच्या चिरंजीवांना ढोलकळ नाही जमलं तर इथे समजूत पडेल. चित्रकोटच्या वाटेवर नारायणपालचं विष्णूमंदिरही आहे. 1111 सालचा शिलालेख, सोमेश्वर राजाच्या आईने, गुंडमहादेवीने, देवाला गाव दिल्याचा.

काळजीचं म्हणाल तर जगदलपूर, चित्रकोट, दंतेवाडा हे रहदारीचे रस्ते. तपासणी होते, कागद दाखवायचे आणि पुढे जायचं. दोन पथ्यं पाळा: अंधारात गाडी नको, आणि फोनने दाखवलेला "जवळचा रस्ता" नको. हांदावाड्याच्या धबधब्याचे फोटो बघून अबूझमाडच्या दुर्गम जंगलात शिरायचं डोक्यात आलं तर ते तिथेच विसरा.

भटका_अकोलेकर:
ढोलकळबद्दल मी सांगतो, डिसेंबरात चढलोय. दंतेवाड्याहून फरसपाल गाठायचं, तिथून गावातलाच पोरगा वाटाड्या म्हणून घ्यायचा. घ्यायचाच. जंगलात वाटा फुटतात. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा, पहाटे निघा. शेवटचा टप्पा उभा आहे, हातपाय दोन्ही लागतात. वर खडकाच्या सुळक्यावर तीन फुटांचा गणपती, ना देऊळ ना कठडा, चारी बाजूंनी बैलाडिल्याचे डोंगर. डिल म्हणजे वशिंड, लांबून डोंगर दिसतोही तसाच. मूर्ती नीट पाहिली तर सांधे दिसतील. 2017 च्या जानेवारीत कुणीतरी ती खाली ढकलली, तुकडे झाले. ते गोळा करून पुन्हा जोडून बसवली. आमचा वाटाड्या म्हणाला, परशुरामाशी लढताना दात गेला तेव्हाही इथेच बसला होता, आता काय हलतोय. फरसपाल हे नावही त्या परशूवरूनच म्हणतात.

नववीतला मुलगा आरामात चढेल. बापाचं सांगता येत नाही.

मीना_ताई:
मी म्हणेन दसऱ्यालाच जा. 75 दिवस चालतो बस्तरचा दसरा, रावण नाही, रामलीला नाही. सगळा देवीचा. लाकडी रथ दोरांनी ओढतात. काछिनगादीच्या विधीत काट्यांच्या झुल्यावर बसलेली लहान मुलगी दसऱ्याला परवानगी देते, ते बघून मी जेवले नव्हते त्या दिवशी. एकदा तरी बघायलाच हवं.

इंद्रावतीकाठ:
मीनाताई, बघायला हवंच, पण गुडघा घेऊन नव्हे. रथ निघतो तेव्हा जगदलपूरच्या सिरहासार चौकात उभं राहायला जागा नसते, आणि गावागावांतून देवांच्या डोल्या येतात त्या धक्क्यात मी एकदा चप्पल आणि साहेब दोन्ही हरवले होते.

धरमपेठवाली ताई, राहिलेलं एक. नागपूर ते जगदलपूर सहाशेच्या घरात जातं, एका दमात करू नका. रायपूरला झोपा. पुढे धमतरी, कांकेर, मग केशकालचा घाट, बारा वळणांचा. घाटात तेलिन मातेपाशी ट्रकवाले थांबतात, तुम्हीही थांबा, आईंचे पाय मोकळे होतील. कोंडागावात ढोकऱ्याचं (मेणाच्या साच्यावरून धातू ओतायचं) काम करणाऱ्यांच्या घरीच वस्तू घ्या. मेणाचा साचा करताना दाखवतात, पोराला आवडेल. पाच दिवस धरा, चारांत नुसती धावपळ.

आठवडी बाजार लागला तर उतरा. लाल मुंग्यांची चापडा चटणी पानावर मिळते, आंबट आणि झणझणीत. बायकांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, त्यांनी तोंड फिरवलं की आपल्यालाच कसंनुसं होतं. आणि कानावर हलबी, म्हणजे इथली बोली, पडू द्या. पाटीवर "आमचो बस्तर" वाचाल तेव्हा आई म्हणतील हे तर आपलंच काहीतरी. माझ्याकडे खात्यावर पैसे काढायला येणारी एक म्हातारी हलबीतच बोलायची. मी मराठीत उत्तर द्यायचो आणि मधला दुभाषा शिपाई उगाच उभा असायचा.

धरमपेठवाली:
सगळ्यांचे खूप आभार. आईला वाचून दाखवलं. पाच दिवस ठरले, रायपूरचा मुक्कामही. बारसूर पक्कं, काकांच्या धाकामुळे. ढोलकळला बाप-लेक जातील, तेवढ्या वेळात मी आणि आई देवळात बसू. नवरा "बापाचं सांगता येत नाही" हे वाचून आजपासून जिना चढतोय.

तीरथगडच्या देवळाचं मी वाचताना गाळलं होतं, पण पोराने मागून वाचलं. त्यामुळे तो वाद घरात चालू आहे.

धोतराचं ऐकल्यावर आईने ट्रंकेतून बाबांचं धोतर काढलं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, डांबराच्या गोळ्यांचा वास अजून आहे त्याला. धुऊन वाळत घातलंय. नवऱ्याने आयुष्यात कधी धोतर नेसलेलं नाही आणि आईला दुसऱ्याला नेसवता येत नाही. कासोटा सुटू नये म्हणून काय करतात, कुणी सांगेल का?