डर्बनला जायचंय: समुद्र की डोंगर? (सोसायटी ग्रुप)

सी-२०१ काका: नमस्कार मंडळी. धाकट्याची बदली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला झाली. मे अखेर आम्ही दोघं जातोय. तो म्हणतो घर समुद्राजवळच आहे, रोज बीचवर फिरा, बास. कुणी गेलंय का तिकडं?

ए-१०२: मे म्हणजे तिकडं हिवाळा सुरू की ओ! आम्ही इथं ४२ मध्ये भाजणार आणि तुम्ही गारव्यात. मजा आहे.

बी-३०४ अण्णा: काका, मुलाचं ऐकू नका 😀 लेक तिकडं होती तेव्हा आम्ही राहून आलोय. गोल्डन माइलवर, म्हणजे तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर, सकाळी चालायला झकास. पाणी हिवाळ्यातही फार गार नसतं, उत्तरेकडून उबदार प्रवाह येतो. पण उतरायचं ते जीवरक्षकांच्या झेंड्यांमध्येच. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, आणि काकूंना सांगा, गळ्यातलं घरी ठेवून जावा. हे दोन दिवसांत होतं. मग गाडी काढून डोंगर गाठा.

ए-१०२: अण्णा, साठी उलटलीय दोघांची. डोंगर कशाला? बसू द्या की निवांत समुद्रावर.

बी-३०४ अण्णा: चढायला कोण सांगतंय? गाडीतून दिसतं सगळं. आधी व्हॅली ऑफ थाउजंड हिल्स, नुसत्या टेकड्यांवर टेकड्या. मग पीटरमारिट्झबर्ग. ७ जून १८९३ ला गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं ते स्टेशन. लाल विटांचं आहे. तिथं थांबल्याशिवाय पुढं जाऊ नका.
त्यापुढं ड्रॅकन्सबर्गची डोंगररांग. डर्बनहून साधारण ३ तास. अँफिथिएटर म्हणून जे आहे ती जवळपास ५ किलोमीटर लांब उभी कातळभिंत. मला तर कोकणकडाच आठवला. दगडही तसलाच, लाव्हाचा काळा बेसॉल्ट. आपला दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा १८ कोटी. मात्र त्या काळ्या थराखाली फिकट पिवळा वालुकाश्म आहे. त्याच्या कपारींत सान लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळच्या शिकारी आदिवासींनी, काढलेली चित्रं आहेत. एलँड हरणाचं एक चित्र अजून डोळ्यांपुढं आहे. पाठ तांबूस, पोट पांढरं, आणि मधे रंग असा विरत गेलाय की रेघ सापडत नाही. २००० पासून जागतिक वारसा आहे ते. चित्रांपाशी बहुतेक ठिकाणी गाइड लागतो, तो घ्याच.

डी-४०१ वहिनी: खायचं काय ओ तिकडं? काकू शाकाहारी आहेत.

बी-३०४ अण्णा: वहिनी, १८६० पासून ऊसमळ्यांसाठी आपल्याकडची माणसं नेलीत तिकडं, मसाल्याला तोटा नाही. बनी चाउ मिळतो, पाव पोखरून आत झणझणीत रस्सा. बीन्सचा मागायचा. हातानंच खायचा. आमटीत भाकरी कुस्करणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

ए-५०३: सानी पास म्हणून तिकडं घाट आहे, त्याचे रील्स भारी असतात. तिथं पण जावा की काका.

बी-३०४ अण्णा: रील्सवर जाऊ नको बे. साध्या गाडीला सोडत नाहीत, फोर बाय फोरच लागते. माथा २८७४ मीटर, म्हणजे कळसूबाईच्याही हजार-बाराशे मीटर वर, आणि तिथं लेसोथो सुरू होतो. परदेशच तो! काका, दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री नसेल तर परत येताना अडकाल. लेसोथोच्या व्हिसाचंही आधी विचारून ठेवा. माझं विचाराल तर हे सोडा, अँफिथिएटरला एक रात्र जास्त राहा.

सी-२०१ काका: पटलं. मुलाला आजच सांगतो. चार्जरचं काय करू?

बी-३०४ अण्णा: आपल्या गिझरला असते ना, तसली मोठी तीन पिनची. ॲडॉप्टर इथूनच घ्या.

सी-२०१ काका: आणि एक स्वेटर पुरेल ना?

बी-३०४ अण्णा: डर्बनला पुरेल. डोंगरात रात्री शून्याखाली जातं, कधी बर्फही पडतो. माझं जाड जॅकेट संध्याकाळी घेऊन जावा. सोलापुरात कोण घालतंय ते!