मदत हवी आहे: संत्र्याच्या व्हिनेगरच्या जारला बुडबुडे येत नाहीत

कारंजा_घाडगे
तीन दिवस झाले, नळीतून एक बुडबुडा नाही. पाण्याचा २० लिटरचा जार, झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. मृग बहाराची गळालेली संत्री. यीस्टही टाकलं. काय चुकून राहिलं? लवकर सांगा, रस वाया जाईल.

मोर्शीवाला
भाऊ, रस किती? यीस्ट कोणतं, किती? सालीसकट पिळला की सोलून? सालीच्या तेलानं यीस्ट मंदावतं. बिया चिरडल्या तर कडू होतो तो वेगळाच.

वरुड_बहार
जार फुगला का, ते आधी सांगा. सलाईन सेटचा रोलर (नळी दाबून थेंब कमी-जास्त करायची चकती) बंद राहिला असेल तर गॅस कोंडतो अन् झाकण उडतं. रोलर आणि थेंबाची कुपी दोन्ही कापून टाका. कुपीत बारीक जाळी असते, फेस चढला की बुजते. नुसती नळी ठेवा. सेट दवाखान्यातला वापरलेला असेल तर सगळंच फेका, मेडिकलमध्ये नवा मिळतो.

सेवाग्राम_रोड
वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. व्हिनेगर म्हटलं तरी पहिल्या टप्प्यात जारात दारूच तयार होते. उत्पादन शुल्क कार्यालयात आधी विचारलं का?

साल_वाया_नको
साली फेकू नका. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, ९० दिवस. पहिला महिना रोज झाकण सैल करा. फरशी पुसायला उत्तम.

कारंजा_घाडगे
सालीचं नाही विचारलं. उद्या विचारून येतो कार्यालयात. जार फुगला नाही, रोलर उघडा आहे. सोलून काढलेला रस १५ लिटर, बेकरीचं कोरडं यीस्ट १५ ग्रॅम. दुधाचं लॅक्टोमीटर सोडलं होतं: पहिल्या दिवशी ३८, आज २०.

वरुड_बहार
हे पहिल्याच वाक्यात हवं होतं! लॅक्टोमीटर दाटपणा दाखवतं. ३८ चे २० झाले म्हणजे साखर संपून राहिली, यीस्ट कामावर आहे. गॅस दुसरीकडून निघतो आहे. दाबून बसणारं झाकण असेल तर ते एकदा ओढून काढलं की पुन्हा घट्ट बसत नाही. साबणाचा फेस भोकाभोवती आणि काठाला लावा, फुगा येईल तिथं गळती. भोकाशी असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा घ्या, मधोमध नळीपेक्षा लहान भोक, नळी ओढून बसवा. एम-सील फक्त बाहेरून. मोजायचा रस आधी भांड्यात घुसळून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे लॅक्टोमीटर उचलून धरतात आणि आकडा जास्त दिसतो.

मोर्शीवाला
जार टिनाखाली आहे का? यीस्टला २५ ते ३० अंश बरे, ३५ च्या वर घाण वास धरतो. घमेल्यात पाणी, त्यात जार, वरून ओलं बारदान.

केळापूरकर
एवढा खटाटोप कशाले? व्हिनेगरले हवाच पाहिजे. रुंद तोंडाच्या बरणीत रस ओता, मलमल बांधा, झालं.

वरुड_बहार
हवा दुसऱ्या टप्प्यात, दारूचं व्हिनेगर होताना. पहिल्यातच आंबट करणारे जिवाणू चढले तर यीस्ट दबतं, साखर अर्धवट राहते. लॅक्टोमीटर ० वर उतरू द्या. ३८ च्या रसात साधारण ५ टक्के अल्कोहोल तयार होतं. मग गाळ खाली ठेवून वरचा रस चिनी मातीच्या बरणीत, ४ भागांना १ भाग न उकळलेलं जुनं व्हिनेगर, तोंडाला मलमल. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम अजिबात नको, आम्ल धातू खातं. विकायचं असेल तर एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियमानं ॲसिटिक आम्ल किमान ३.७५ टक्के हवं.

कारंजा_घाडगे
फुगे झाकणाच्या काठाला आले. तिथं एम-सील लावू?

वरुड_बहार
काठाला नको, रस काढायच्या वेळी झाकण फोडावं लागेल. ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ताणून काठावर तीन वेढे गुंडाळा, वरून सुतळी आवळा.