एम३४०आय: पावसाळ्यासाठी १८ इंची वेगळा सेट घ्यायचा आहे. विंटर टायर चालतील का?

मानपाडा_सेडान
गाडी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह (चारही चाकांना ताकद), जी२० (या पिढीचा कंपनीचा कोड). कंपनीचा १९ इंची रनफ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारा) सेट आहे: पुढे २२५/४० आर१९ (रुंदी मिमीत, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), मागे २५५/३५ आर१९. रोजचा रस्ता मानपाडा ते ऐरोली, अधूनमधून गायमुख घाटातून वसई. युरोपात लोक थंडीसाठी दुसरा सेट ठेवतात, तसा जून ते सप्टेंबरसाठी छोट्या रिमवर दुसरा सेट करायचा विचार आहे. प्रश्न असे:

१) १७ घ्यावं की १८?
२) जर्मनीतला मावसभाऊ म्हणतो, विंटर टायरला खाचा जास्त असतात, म्हणजे पाण्यातही चांगले. खरंय का?
३) मर्सिडीजचे १८ इंची सेकंडहँड अलॉय स्वस्तात मिळतायत. पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचं माप) ५×११२, म्हणजे ५ बोल्ट ११२ मिमीच्या वर्तुळावर, जुळतो. घेऊ का?
४) रनफ्लॅट सोडून साधे टायर घालावेत का?

तुर्भे_व्हील
आधी तिसरा प्रश्न, कारण पैसे तिथेच बुडतात. पीसीडी जुळला म्हणजे रिम जुळली असं नाही. जी२० ला ५×११२, मधलं भोक ६६.६ मिमी, बोल्ट एम१४×१.२५ (१४ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी). मर्सिडीजचा पीसीडी तोच, मधलं भोकही तेच, म्हणून चाक हबवर (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो भाग) झकास बसतं आणि विकणारा खूश. पण मर्सिडीज आणि ऑडीच्या रिमला बोल्टची बैठक गोल असते, बीएमडब्ल्यूची ६० अंशाची शंकू. शंकूचा बोल्ट गोल बैठकीत घातला की तो अख्ख्या पृष्ठभागावर टेकत नाही, नुसत्या एका कडेवर टेकतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोर आला की कळवणारा पाना) कट्‌ करते, माणूस निश्चिंत होतो, आणि काही दिवसांनी ती कड दबली की बोल्ट सैल. मर्सिडीजचेच बोल्ट वापरू म्हणाल, तर त्यांचा आटा १.५ चा आहे, तुमच्या हबमध्ये जाणारच नाही. नको ते अलॉय.

१७ पण नको. एम३४०आय च्या पुढच्या ब्रेकला १८ च्या खाली जागा नाही.

योग्य माप: ७.५जे×१८ (रिम ७.५ इंच रुंद, १८ इंची), ईटी२५ (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून २५ मिमी बाहेर), चारही चाकांना २२५/४५ आर१८. बीएमडब्ल्यू स्वतः या गाडीला थंडीचा सेट याच मापात देते, त्यामुळे अंदाजपंचे काही नाही. तुमची पुढची रिम ८जे ईटी२७ आहे, तिच्यापेक्षा ही बाहेरून साधारण ४ मिमी आत बसेल. मागची ८.५जे ईटी४० आहे. तिथे नवी रिम २ मिमी बाहेर येते, पण टायर ३० मिमी अरुंद असल्यामुळे फेंडरला घासण्याचा प्रश्न नाही. आतल्या बाजूला उलट २८ मिमी जास्त मोकळी जागा मिळते.

घेराचा हिशोबही बघा. २२५/४० आर१९ चा व्यास ६६२.६ मिमी, २२५/४५ आर१८ चा ६५९.७. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत, स्पीडोमीटर बिघडत नाही. चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच झिजेचे असले की एक्सड्राइव्हची ट्रान्सफर केससुद्धा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सुखी. पुढे नवे, मागे अर्धे झिजलेले असं करू नका. खड्ड्यांसाठी खरा फायदा साइडवॉलचा: ९० मिमीच्या जागी १०१. आकडा छोटा वाटतो, पण गायमुखच्या खड्ड्याची धारदार कड आणि रिमचा ओठ यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं.

सीवूड्स_ओलारस्ता
विंटर टायरबद्दल. भावाचं त्याच्या गावापुरतं बरोबर आहे. त्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. साधा उन्हाळी टायर त्या थंडीत कडक होतो आणि पकड सोडतो, म्हणून तिकडे कायदा आहे. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेलाच टायर चालतो, नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेला नाही. आपल्याकडे जुलैत ओला रस्तासुद्धा पंचवीस-तीस अंशांवर असतो. तिथे ते मऊ रबर आणि नक्षीतल्या बारीक चिरा दोन्ही वळवळतात, ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते आणि टायर भराभर झिजतो. त्या चिरा बर्फ धरण्यासाठी आहेत. पाणी बाहेर फेकायचं काम रुंद उभ्या खाचांचं, आणि त्या चांगल्या उन्हाळी टायरला असतातच.

आता पाण्यावर तरंगण्याचं गणित. नासाने विमानांच्या चाकांवर काढलेलं जुनं सूत्र आहे: वेग नॉटमध्ये = ९ × हवेच्या दाबाचं वर्गमूळ, दाब पीएसआयमध्ये. ३३ पीएसआयला हे ताशी साधारण ९६ किमी येतं, २६ पीएसआयला ८५. पाण्याचा थर नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तेव्हाचं हे गणित आहे, कारच्या टायरला तंतोतंत लागू नाही, पण दिशा कळते. हवा कमी केली की पकड वाढते ही समजूत ओल्या रस्त्यावर उलटी पडते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर या मापासाठी जो दाब लिहिलाय तोच ठेवा, टायर थंड असताना मोजून. पाम बीचवर किंवा सायन-पनवेलला कडेच्या लेनमध्ये पाणी साचतं, तिथे २५५ च्या मागच्या टायरपेक्षा २२५ चा टायर पाणी लवकर कापतो.

कायद्याने १.६ मिमी नक्षी चालते. पावसाळ्यासाठी ३ मिमीला टायर संपला असं धरा. आणि मोजताना आतल्या कडेला मोजा. या गाड्यांचा टायर आतून आधी झिजतो, बाहेरून बघून काही कळत नाही.

मानपाडा_सेडान
मर्सिडीजचे अलॉय रद्द. मग टायर कोणता? आणि रनफ्लॅटचं कोणीच बोललं नाही.

तुर्भे_व्हील
पायलट स्पोर्ट ५, मॅक्सकॉन्टॅक्ट ७, पोटेंझा स्पोर्ट या वर्गातला कोणताही चालेल. युरोपियन लेबल असेल तर ओल्या रस्त्याची श्रेणी ए बघा. ब्रँडवर फार डोकं लावू नका, त्यापेक्षा साइडवॉल वाचा: ९५वाय एक्सएल हवं (वाय ही वेगाची श्रेणी, एक्सएल म्हणजे जादा भार झेलणारा). ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो. याच मापात ९१ चा टायरही येतो, तो ६१५ किलोचा. स्वस्त दिसला म्हणून तो या वजनाच्या गाडीला घालू नका. डीओटीचे (साइडवॉलवरचा उत्पादनाचा कोड) शेवटचे चार अंकही वाचा, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. २०२० मध्ये टायरच्या आयातीवर परवान्याची अट आल्यापासून काही मापांना वाट बघावी लागते, म्हणून मे उजाडायच्या आत ऑर्डर द्या.

रिम नवी घेत असाल तर मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल (अलॉय रिमचं जपानी मानक) शिक्का आणि किलोमध्ये वजनक्षमता कोरलेली बघा. ६९० च्या खालची असेल तर परत करा. कंपनीच्या रिमची नक्कल दिसायला हुबेहूब असते, ते आकडे मात्र बऱ्याचदा गायब असतात.

घणसोली_४५
रनफ्लॅटबाबत माझं मत थोडं वेगळं. साइडवॉल कडक असल्यामुळे खड्ड्यात धक्का रिमवर जातो हे खरं, आणि १८ वर साधा टायर घातला की गाडी बदलल्यासारखी वाटते हेही खरं. पण या गाडीत स्टेपनी नाही. रनफ्लॅट हवा पूर्ण गेल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किमी नेतो. रात्री अकराला भर पावसात घोडबंदरवर साइडवॉल फाटली, तर साध्या टायरवाल्याला फ्लॅटबेडची वाट बघण्यावाचून पर्याय नाही. प्लग किट फक्त नक्षीतल्या खिळ्यापुरतं. गाडी घरात आणखी कोणी चालवत असेल तर रनफ्लॅटच ठेवा. एकटे चालवत असाल तर साधे घाला, डिकीत इन्फ्लेटर आणि प्लग किट ठेवा. दोन रनफ्लॅट, दोन साधे हा प्रकार मात्र कधीच नको.

सीवूड्स_ओलारस्ता
मान्य. फक्त नव्या रिममध्ये प्रेशर सेन्सरही बसवून घ्या, नाहीतर चार महिने स्क्रीनवर पिवळा दिवा बघावा लागेल. साध्या टायरवर तर हवा जातेय हे वेळेत कळणं जास्तच गरजेचं.

तुर्भे_व्हील
बसवतानाचं सांगून टाकतो. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ करा. खाडीच्या हवेत तिथे गंज धरतो, आणि त्यावर चाक बसवलं की ते सरळ बसत नाही. बोल्टला ग्रीस नको, ओल्या आट्यावर तोच टॉर्क जास्त ताण देतो. हाताने आधी सगळे बोल्ट चढवा, मग एक सोडून एक असं ताऱ्याच्या क्रमाने १४० न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गनने शेवटचा आवळा देऊ देऊ नका. ५० ते १०० किमीनंतर टॉर्क पुन्हा तपासा. बोल्ट कंपनीचेच वापरा. दुसऱ्या मेकची रिम असेल तर बोल्ट हबमध्ये किती फिरतो ते मोजा, १.२५ च्या आट्याला साधारण ११ पूर्ण फेरे हवेत.

काढलेला १९ चा सेट आता नीट तपासून घ्या. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवा आणि मागच्या बाजूने आतल्या ओठाकडे बघा. बाहेरून लखलखीत रिम आतून वर-खाली नाचताना दिसते. ताशी ८० ते १०० दरम्यान स्टिअरिंग थरथरतं ते बहुतेक याचमुळे. थोडा बेंड असेल तर सरळ होतो. तडा असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका, ती रिम भंगारात. साबणाचं पाणी लावलं की तड्यातून बुडबुडे येतात. साइडवॉलवर फुगा असेल तर आतले धागे तुटलेले आहेत, तो टायर ऑक्टोबरमध्ये परत चढवायचा नाही.

मानपाडा_सेडान
आणि तो सेट ठेवायचा कुठे? गॅलरीत ऊन येतं.

घणसोली_४५
गॅलरी नको. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक, हवा भरलेलीच. धुऊन वाळवा, काळ्या पिशवीत गुंडाळा, पिशवीवर खडूने लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. सोसायटीच्या पंपरूममध्ये ठेवायचा मोह होतो, पण चालू मोटरजवळच्या ओझोनने रबराला भेगा पडतात. जिन्याखालची कोरडी जागा मिळाली तर सेक्रेटरीला आधी विचारा.